सहा रूपांची वंशावळ

स्पॅनिश शिकणाऱ्याला सुरुवातीच्या काही महिन्यांतच एक तक्ता पाठ करावा लागतो. 'आब्लार' म्हणजे बोलणे. त्याचा साधा भूतकाळ असा : आब्ले, आब्लास्ते, आब्लो, आब्लामोस, आब्लास्तेइस, आब्लारोन. म्हणजे अनुक्रमे मी बोललो, तू बोललास, तो बोलला, आम्ही बोललो, तुम्ही बोललात, ते बोलले. पुस्तक सांगते की हे नियमित क्रियापद आहे, 'आर'ने संपणारी बाकीची क्रियापदे अशीच चालवा. विद्यार्थी चालवतो. अवघड म्हणून नंतर शिकवतात ती अनियमित क्रियापदे. नियमिताबद्दल विचारण्यासारखे काही आहे असे सहसा कुणाला वाटत नाही.

पण याच तक्त्यात एक गोष्ट डोळ्यांना खटकायला हवी. स्पॅनिशमध्ये 'तू'चे क्रियापद 'स'ने संपते. तू बोलतोस : आब्लास. तू बोलत होतास : आब्लाबास. तू बोलशील : आब्लारास. तू बोलला असतास : आब्लारियास. आज्ञार्थ सोडला तर ही शिस्त कुठेही मोडत नाही, अपवाद फक्त या साध्या भूतकाळाचा. 'आब्लास्ते'च्या शेवटी 'स' नाही. ज्याला नियमित म्हणून शिकवतात त्याच्या दुसऱ्याच चौकटीत हा अपवाद बसलेला आहे, आणि तो समजून घ्यायचा तर रोमच्याही मागे जावे लागते.

आधी धातूकडे पाहू. 'आब्लार' हा नियमिततेचा नमुना म्हणून जगभरच्या पाठ्यपुस्तकांत छापला जातो, पण त्याचा पूर्वज लॅटिनमध्ये सरळ चालीचा नव्हता. तो होता 'फाबुलारी', गप्पा करणे, गोष्ट सांगणे. त्याची रूपे कर्मणी धाटणीची आणि अर्थ मात्र कर्तरी. संस्कृत शिकलेल्यांना आत्मनेपद आठवेल. 'भाषते' हेही बोलण्याचेच क्रियापद आणि तेही आत्मनेपदी. अशा लॅटिन क्रियापदांचा भूतकाळ एका शब्दात होत नसे. 'फाबुलातुस सुम' असे कृदन्त आणि 'असणे' मिळून दोन शब्द लागत. लोकांच्या बोलीत हा सगळा वर्गच पुढे मोडला आणि त्याची क्रियापदे साध्या कर्तरी चालीवर आली. 'फाबुलारी'चे 'फाब्लार' झाले. एल सिदच्या महाकाव्याच्या हस्तलिखितात पेर आबात हे नाव आणि १२०७ या सालाचा उल्लेख आहे; त्यात हे क्रियापद 'फाब्लो' असे येते. पुढे कास्तीलच्या बोलीने 'फ'चा 'ह' केला आणि नंतर तो 'ह'ही उच्चारातून गेला. लिहिताना तेवढा राहिला.

शेजारच्या पोर्तुगिजांनी 'फ' सोडला नाही. त्यांचे 'फालार' हे याच 'फाबुलारी'चे लेकरू. गोव्यात १५१० ते १९६१ पोर्तुगीज सत्ता होती. तिथल्या जुन्या घरांत अजूनही अशी माणसे आहेत ज्यांनी शाळेत 'फालेइ, फालोउ' अशी रूपे घोकली. ती रूपे ध्यानात ठेवा. स्पॅनिशने ओलांडलेली एक पायरी त्यांत शाबूत आहे.

आता प्रत्यय. 'आर' गटाच्या क्रियापदाचा लॅटिन भूतकाळ 'गाणे' या क्रियापदावर असा होत असे : कांतावी, कांताविस्ती, कांतावित, कांताविमुस, कांताविस्तिस, कांतावेरुंत. सहाही रूपांत एक 'व' आहे. भूतकाळाची खूण तोच. आणि पहिला गेला तोही तोच. बोलणारे दोन स्वरांच्या मधला 'व' गिळू लागले आणि 'कांताविस्ती'चे 'कांतास्ती', 'कांतावेरुंत'चे 'कांतारुंत' झाले. ही अडाण्यांची बोली होती असे समजू नये. सिसरोने वक्तृत्वावरच्या ग्रंथात अशा आखूड रूपांची दखल घेतली आहे आणि पूर्ण व आखूड दोन्ही रूपांना मोकळीक दिली आहे. त्यानंतर शतकभराने क्विंतिलियन आला. रोमचा हा नामांकित वक्तृत्वशिक्षक मूळचा स्पेनमधल्या कालागुर्रिसचा, आजच्या कालाओर्रा गावचा. पूर्ण रूपेच धरून बसणारी मंडळी त्याला नको तितकी काटेकोर वाटत. इ. स. ७९ मध्ये राखेखाली गेलेल्या पाँपेईच्या भिंतींवर '-आवित'ऐवजी '-आउत' असा शेवट खरडलेला सापडतो. प्रोबसच्या नावावर चालत आलेल्या व्याकरणात 'प्रोबावी'च्या जागी 'प्रोबाई' या रूपाचा उल्लेख येतो.

'व' गेल्यावर उरले 'कांताई' आणि 'कांताउत'. पुढे काय झाले हे मराठी वाचकाला समजावून सांगण्याची फारशी गरज नाही. तैलाचे तेल झाले, गौराचा गोरा झाला, मौक्तिकाचे मोती झाले. आपल्याकडे 'ऐ'चा 'ए' आणि 'औ'चा 'ओ' झाला, तसाच तिकडे 'आइ'चा 'ए' आणि 'आउ'चा 'ओ'. 'कांताई'चे 'कांते', 'कांताउत'चे 'कांतो'. पोर्तुगिजांचे 'फालेइ' आणि 'फालोउ' हे या वाटेवर मध्येच थांबलेले प्रवासी; त्यांच्या लिखाणात जोडस्वर अजून दिसतो. सिसिलीच्या बोलीत तर 'कांताउ' हेच रूप आजही चालते, जवळपास पाँपेईच्या भिंतीवर होते तसे.

या आकसण्यातून एक नाजूक गोष्ट घडली. जिथला स्वर जोडस्वरात मिसळला तिथेच शब्दाचा आघात राहिला, म्हणून भूतकाळाच्या 'आब्लो'वर जोर शेवटी येतो. वर्तमानातल्या 'आब्लो'वर, म्हणजे 'मी बोलतो'वर, तो आरंभी. अक्षरे तीच, फरक फक्त जोराचा. आज तो शेवटच्या स्वरावर तिरकी रेघ देऊन दाखवतात. आपल्या लिपीत ती रेघ नाही, त्यामुळे देवनागरीत टिपणे काढणाऱ्या विद्यार्थ्याने स्वतःची काहीतरी खूण करावीच. नाहीतर 'मी बोलतो' आणि 'तो बोलला' एकच होऊन बसतात.

या बदलांचा मला सर्वांत प्रिय पुरावा म्हणजे चीजची यादी. दहाव्या शतकात, साधारण ९७४ ते ९८०च्या दरम्यान, लेओनजवळच्या रोसुएला इथल्या मठात एका साधूने कोठारातले चीज कुठे कुठे गेले याचा हिशेब एका जुन्या चामडी दानपत्राच्या पाठीवर लिहून ठेवला. लेओनच्या कॅथिड्रलच्या दफ्तरात तो आजही आहे. लिहिणाऱ्याला वाटत होते की आपण लॅटिन लिहितो आहोत. हाताखाली मात्र त्याची बोली उतरत होती. अमुक ठिकाणी नेले ते चीज सांगताना त्याने 'लेबारोन' लिहिले. अभिजात लॅटिनमध्ये ते 'लेवावेरुंत' व्हायला हवे होते, आजच्या स्पॅनिशमध्ये ते 'येबारोन' आहे. म्हणजे हजार वर्षांपूर्वी, कोणत्याही व्याकरणकाराने तक्ता आखण्याच्या पाच शतके आधी, नियमित भूतकाळाचे सहावे रूप एका कोठीवाल्या साधूच्या हिशेबात तयार होऊन बसले होते.

त्याच यादीत 'पुसेरोन' आहे, 'ठेवले' या अर्थी. ते अनियमित, आजच्या 'पुसिएरोन'चे आजोबा. आणि राजा आला तेव्हा खर्ची पडलेल्या चीजबद्दल 'एस्पिसेरोन' आहे. तेही अनियमित, पण ते पुढे टिकले नाही. त्या क्रियापदाने नंतर नियमिताची चाल धरली. एकाच चामड्यावर तीन क्रियापदे आणि तिघांचे नशीब वेगळे.

अजून मागे जाऊ, कारण 'आब्लास्ते'तल्या गैरहजर 'स'चे उत्तर तिथे आहे. लॅटिनचा हा भूतकाळ मुळात एक नव्हताच. संस्कृतात 'लिट्' आणि 'लुङ्' असे दोन स्वतंत्र भूतकाळ आहेत. ग्रीकमध्येही त्यांचे भाऊबंद वेगवेगळे नांदतात. लॅटिनमध्ये मात्र दोन्ही एकात मिसळले. 'दिले' या अर्थाच्या 'देदी'मध्ये धातूचे पहिले अक्षर दोनदा येते, जसे लिटातल्या 'ददौ'मध्ये. तो जुना परोक्ष भूतकाळ. 'सांगितले' या अर्थाच्या 'दिक्सित'मध्ये धातूला 'स' जोडला आहे, जसा लुङातल्या 'अदिक्षत्'मध्ये, तो दुसरा. आणि धातूही एकच, दिश्. स्पॅनिशमध्ये 'देदी'चे 'दि' झाले, 'दिक्सित'चे 'दिखो'. पाणिनीने ज्या दोन लकारांना वेगळी सूत्रे दिली, त्यांचे पाश्चात्य नातेवाईक स्पॅनिश शिक्षकाच्या एकाच तक्त्यात, एकाच नावाखाली शेजारी शेजारी बसले आहेत.

आता '-इस्ती' हा प्रत्यय फोडा. त्यातला 'इस्' हा लुङाच्या घराण्याचा, 'अबोधिषम्'मधल्या 'इष्'चा सोयरा, असे अनेक अभ्यासक मानतात. 'ती' मात्र लिटाच्या घराण्यातला. संस्कृतात वर्तमानकाळी 'तू'ला 'सि' लागतो, वदसि. पण लिटात 'थ' लागतो, चकर्थ, वेत्थ. स्पॅनिशच्या बाकी सर्व काळांतला 'स' हा 'सि'च्या बाजूचा आणि 'आब्लास्ते'तला 'ते' हा 'थ'च्या बाजूचा. म्हणून त्याच्या शेवटी 'स' नाही, आणि कधी नव्हताही. तो गळून पडलेला नाही. वेदकाळाहून जुना भेद आजच्या मुलांच्या गृहपाठात जिवंत आहे.

नियमित आणि अनियमित यांची आपली कल्पना इथे तपासून पाहायला हवी. आपल्याला वाटते नियम आधी असतो आणि अपवाद मागाहून घुसतात. इतिहास उलट सांगतो. सीझरच्या तोंडी घातलेली तीन प्रसिद्ध क्रियापदे घ्या, वेनी, विदी, विकी : आलो, पाहिले, जिंकले. लॅटिनमध्ये तिन्ही अनियमित. 'वेनी' स्पॅनिशमध्ये 'बिने' होऊन अनियमितच राहिले. 'विदी'चे आधी 'बिदे' झाले आणि मग 'बि'. खेड्यापाड्यांत 'बिदे' अजून ऐकू येते. तिसऱ्याने मात्र घर बदलले आणि 'विकी'चा वारसा सोडून 'बेंसी' असे नियमित रूप घेतले. जुन्या स्पॅनिशमध्ये 'जगला' याला 'बिस्को' आणि 'जन्मला' याला 'नास्को' म्हणत. आज 'बिबियो' आणि 'नासियो'. शेकडो वर्षे हा ओघ मुख्यतः एकाच दिशेने वाहतो आहे. रोज तोंडी असणारी करणे, असणे, येणे, ठेवणे, सांगणे ही क्रियापदे जुन्या रूपाला धरून राहिली, कारण पिढ्यान्‌पिढ्या मुलांनी ती ऐकूनच उचलली. मराठीतही केले, गेले, आले, झाले, दिले ही रूपे याच कारणाने टिकली आहेत. कमी वापरातली क्रियापदे मोठ्या गटाला जाऊन मिळाली. नियमित गट आज एवढा मोठा दिसतो तो अशा येणाऱ्यांनी भरल्यामुळे.

हा गट नुसता घेत गेला असेही नाही. 'दिक्सित'चे रूप ध्वनीच्या नियमाने चालत आले असते तर शेवटी 'ए' आला असता आणि 'मी सांगितले' व 'त्याने सांगितले' सारखेच झाले असते. पोर्तुगिजात नेमके तसेच झाले. 'दिस्से' दोघांनाही चालते. स्पॅनिशने ही अडचण ओळखली आणि नियमित क्रियापदांच्या 'कांतो', 'आब्लो'कडून शेवटचा 'ओ' उसना घेतला. म्हणून 'दिखे' म्हणजे मी सांगितले आणि 'दिखो' म्हणजे त्याने सांगितले. 'ओ' घेतला, पण आघात घेतला नाही. 'दिखो'वर जोर आरंभीच राहिला.

याच जुन्या लॅटिन भूतकाळाची आणखी एक शाखा विद्यार्थ्याला भेटते, पण तिची ओळख करून दिली जात नाही. 'बोललो असतो तर' अशा अर्थाचे रूप शिकवताना शिक्षक युक्ती सांगतात : 'आब्लारोन'मधला 'रोन' काढा आणि 'रा' लावा. युक्ती कधी चुकत नाही. अनियमितांनाही लागू पडते. का लागू पडते? 'आब्लारा' हे लॅटिनच्या 'कांतावेराम' घडणीचे, म्हणजे 'गायलो होतो' या अर्थाच्या रूपापासून आलेले आहे, आणि ते व 'आब्लारोन' एकाच अंगावर वाढले. स्पॅनिशने अर्थ बदलला. पोर्तुगिजाने लिखित भाषेत जुना अर्थ जपला. शिक्षकांनी ही एक ओळ जरी सांगितली तरी पाठांतराचे ओझे बरेच हलके होईल असे मला मनापासून वाटते.

मराठी या प्रवासात कुठे उभी आहे? आपण दुसरी वाट धरली. लिट्, लुङ् आणि संस्कृतातला तिसरा भूतकाळ लङ् हे तिन्ही आपल्या पूर्वजांनी प्राकृतांच्या काळात सोडून दिले आणि भूतकाळासाठी कृदन्त उचलले. 'गत'सारख्या रूपाला '-इल्ल' जोडून 'गेला' झाले. श्रवणबेळगोळच्या गोमटेश्वराच्या पायाशी कोरलेल्या 'करवियले'मध्ये हाच 'ल' आहे. मराठीच्या अगदी जुन्या लेखांत त्याची गणना होते. कृदन्त म्हटले की लिंग आले. म्हणून आपण 'बोलला' आणि 'बोलली' असा भेद करतो, आणि 'मी पत्र लिहिले, मी चिठ्ठी लिहिली' म्हणताना क्रियापद कर्माच्या मागे जाते. स्पॅनिश 'आब्लो'ला स्त्री-पुरुषाचा पत्ता नसतो, कारण ते मुळापासून आख्यातच आहे.

स्पॅनिशलाही कृदन्ताची वाट ठाऊक होती. लॅटिनमध्ये 'माझ्याजवळ पत्रे लिहिलेली आहेत' अशी रचना होती. तिच्यातून 'ए आब्लादो' हा संयुक्त भूतकाळ निघाला, आपल्या 'बोललो आहे'च्या जवळचा. मध्ययुगीन स्पॅनिशमध्ये त्यातले कृदन्त कर्माप्रमाणे लिंग-वचन बदलत असे, अगदी आपल्या 'पत्रे लिहिली'सारखे. पुढे ते गोठले. फ्रेंचांनी मात्र बोलण्यात जुना भूतकाळ टाकून दिला आणि सगळा कारभार या संयुक्त रूपावर सोपवला. जुना उरला तो कथा-कादंबऱ्यांत. कातालान भाषेने आणखीच निराळे केले. तिथे 'जाणे' या क्रियापदाचा वर्तमान पुढे लावून भूतकाळ होतो. स्पॅनिशमध्ये दोन्ही नांदतात, पण सारखे नाही. माद्रिदचा माणूस आज सकाळी बोलला असेल तर 'ए आब्लादो' म्हणेल. मेक्सिकोचा माणूस, आणि स्पेनमध्येही गालिसिया, आस्तुरियास वा कानारी बेटांवरचा, तिथेच 'आब्ले' म्हणेल. लॅटिनच्या एका रूपात हे दोन्ही अर्थ होते. त्या दृष्टीने अमेरिकेची चाल अधिक जुनी.

१८ ऑगस्ट १४९२ रोजी सालामांकात आंतोनिओ दे नेब्रिखा याचे कास्तिलियन भाषेचे व्याकरण छापून झाले. राणी इसाबेलाला अर्पण केलेले हे पुस्तक लेखकाच्या हयातीत पुन्हा छापले गेले नाही, तरी स्पॅनिश क्रियापदांची छापील मांडणी तिथून सुरू होते. त्याने या भूतकाळाला 'संपलेला भूत' असे नाव दिले आणि 'आब्लाबा' छापाच्या भूतकाळाला 'न संपलेला भूत'. पाच शतके उलटल्यावरही मला हीच नावे सर्वांत स्वच्छ वाटतात. एक घटना पुरी झाली म्हणून सांगतो, दुसरा ती चालू असताना आत नेतो. नेब्रिखाच्या तक्त्यात 'तुम्ही'चे रूप '-स्तेस' असे आहे, आजचे '-स्तेइस' नव्हे. त्याकडे पुढे वळू.

त्याच वर्षी मार्चअखेर निघालेल्या फर्मानाने ज्यूंना स्पेन सोडावे लागले. ते इस्तंबूल, सालोनिका अशा ऑटोमन शहरांत गेले आणि बरोबर स्पॅनिश घेऊन गेले. त्यांनी तिला आपल्या रीतीने पुढे नेले. तक्त्यातली एक जुनी अडचण अशी की 'आब्लामोस' म्हणजे 'आम्ही बोलतो'ही आणि 'आम्ही बोललो'ही, प्रसंगावरून ओळखायचे. पोर्तुगालने भूतकाळावर आघाताची खूण देऊन आणि उच्चारात किंचित फरक ठेवून हे सोडवले. स्पेनच्या काही ग्रामीण बोलींनी 'कांते'वरून 'कांतेमोस' केले. ज्यूंच्या स्पॅनिशने दुसऱ्या गटाची मदत घेतली : 'एर' आणि 'इर' गटांत 'मी'ला 'ई' लागतो, कोमी म्हणजे मी जेवलो, तोच इकडे आणून 'आव्ली' आणि 'आव्लिमोस' अशी रूपे केली. संदिग्धता संपली. प्रमाण स्पॅनिशने मात्र ती आजवर तशीच ठेवली आहे.

'तुम्ही'च्या रूपाची कथा सतराव्या शतकातली. लॅटिनच्या '-स्तिस'पासून सरळ आलेले 'आब्लास्तेस' हेच तोवर शिष्ट रूप होते. सर्व्हान्तेसच्या पिढीचे लेखक ते लिहीत. पण 'तुम्ही'ची बाकीची रूपे '-आइस', '-एइस' अशी होऊ लागली होती. त्यांच्या ओढीने इथेही एक 'इ' आला आणि 'आब्लास्तेइस' झाले. जे रूप वंशपरंपरेने आले होते ते गेले. लोकांनी शेजाऱ्यांकडे पाहून घडवलेले रूप बसले आणि स्पेनच्या भाषा-अकादमीच्या व्याकरणांत तेच नियमित ठरले. इकडे अमेरिकेत या 'तुम्ही'चा वापर मावळला आणि सर्वांना 'उस्तेदेस' म्हणू लागले, ज्याला 'आब्लारोन' लागते. आज स्पॅनिश ही सुमारे ५० कोटी लोकांची मातृभाषा आहे आणि स्पेनची वस्ती ५ कोटींच्या आत. तेव्हा पाचवी चौकट बहुसंख्य भाषकांना फक्त वाचनात भेटते. १८४७ मध्ये सान्तियागोहून आंद्रेस बेयो याने खास अमेरिकनांसाठी व्याकरण लिहिले. काळांच्या नावांचा गुंता सोडवत त्याने या काळाला नुसते 'प्रेतेरितो' म्हटले. स्पेनच्या अकादमीने आधी एक, नंतर दुसरे लांबलचक नाव वापरले. बेयोचे चांगले होते.

उरले 'आब्लास्ते'. मेक्सिकोपासून आर्जेन्टिनापर्यंत आणि स्पेनमध्येही असंख्य माणसे रोजच्या बोलण्यात 'तू आब्लास्तेस' म्हणतात. सगळीकडे 'तू'ला 'स' आहे, मग इथेही हवा, इतके साधे त्यामागचे भाषाज्ञान. 'तू'साठी 'वोस' म्हणणाऱ्या प्रदेशांत त्याला जुन्या, शिष्ट 'वोस आब्लास्तेस'चाही आधार असू शकतो. शाळा ते चूक ठरवते. अकादमीही सुशिक्षितांच्या भाषेत त्याला जागा देत नाही.

मराठी माणसाने मात्र इथे थांबून विचार करावा. जुन्या मराठीत 'तुवां केलें' होते. क्रियापद कर्माला बांधलेले आणि पुरुषाची खूण नाही. मग 'करतोस', 'जातोस' यांच्या ओढीने आपण भूतकाळालाही 'स' लावला : तू गेलास, तू काम केलंस. 'तुम्ही'ला 'त' लावला : तुम्ही गेलात, तुम्ही काम केलंत. क्रियापद कामाशी जुळवून घेते आणि वर 'तू'चा 'स'ही मिरवते. व्याकरणाच्या काटेकोर नजरेने ही दुहेरी रचना 'आब्लास्तेस'पेक्षा कितीतरी जास्त धाडसाची आहे. आपल्या वैयाकरणांनी ती शिष्ट मराठी म्हणून मानली आणि आपण ती लहानपणापासून शुद्ध म्हणून लिहितो.

म्हणून माझे मत स्पष्ट आहे. 'आब्लास्तेस' ही आळसातून आलेली चूक नव्हे. ज्या प्रवृत्तीने 'बिस्को'चे 'बिबियो' केले, 'दिखो'ला 'ओ' दिला आणि 'आब्लास्तेइस' प्रमाण केले, तीच इथे काम करते आहे. फरक इतकाच की तिच्यावर अजून कुणी शिक्का मारलेला नाही. स्पॅनिश शिकणाऱ्यांनो, परीक्षेत 'आब्लास्ते'च लिहा, आज प्रमाण तेच आहे. पण एखाद्या मेक्सिकन माणसाच्या तोंडून तो जादा 'स' ऐकलात तर त्याला दुरुस्त करायला जाऊ नका.